रेघेतली दरी आणि विहिरीतला बिबट्या

शिडी बिबट्याकडे होती आणि मोटर माझ्याकडे.

मी विहिरीच्या आत, मोटर बसवलेल्या सिमेंटच्या कट्ट्यावर, पाठ दगडाला लावून उभी होते. कट्टा चार माणसं दाटीनं बसतील एवढा. खाली चार हातांवर पाणी. त्या पाण्यात माझी बांबूची शिडी आडवी तरंगत होती आणि शिडीवर पुढचे दोन्ही पाय टाकून, कान मागं पाडून, बिबट्या माझ्याकडे बघत होता. वरचा काठ तीन पुरुष उंच. शिडीशिवाय मला वर जाता येत नव्हतं. त्याला वर यायचं झालं तर पहिली पायरी मीच होते.

काठावर डोकी जमली होती. त्यातलं एक आमच्या किराणा दुकानदाराचं. तो पोटावर पालथा पडून खाली वाकला आणि ओरडला, "आजी, किती वाजता दिसला?"

"अजून दिसतोय, मुडद्या!"

"तसं न्हाई. पयल्यांदा कवा दिसला? वहीत लिवायचंय."

त्याच्या हातात खरंच वही होती. कानावर पेनसुद्धा होतं.

असा प्रश्न विचारणारा माणूस कोणालाही वेडा वाटेल. तो वेडा नव्हता. त्या दिवसांत सगळं गावच तसं झालं होतं, आणि त्याची सुरुवात माझ्याच घरातून झाली होती.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, खोडदपासून जवळ. बांधावर उभं राहिलं की रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्या दिसतात. पाणी आहे म्हणून ऊस आहे आणि ऊस आहे म्हणून बिबटे आहेत. ते उसातच जन्मतात, उसातच वाढतात. माझं माहेर घोडेगावच्या बाजूचं. तिथं मी चौथी झाले आणि शाळा सुटली. माझी नात मात्र संख्याशास्त्र शिकते. तिला कॉलेजात काहीतरी करून दाखवायचं होतं, म्हणून तिनं दुकानात एक वही ठेवली. ज्याला बिबट्या दिसेल त्यानं तिथं वेळ आणि जागा सांगायची, दुकानदारानं लिहून घ्यायची. वही दुकानात अशासाठी, की तेल-मीठ-तंबाखूला प्रत्येक घरातलं कोणीतरी रोज तिथं जातंच.

दिवाळी होऊन गेली, थंडी सरली, वही भरली. नातीनं सगळ्या वेळा लॅपटॉपात भरल्या आणि मी वाटाणे सोलत होते तिथं येऊन बसली. पडद्यावर एक रेघ होती. आडवी पहाटेपासून पहाटेपर्यंत, आणि ज्या वेळेला जास्त लोकांना बिबट्या दिसला तिथं उंच. रेघ कसली, करवतीचं पातं होतं. वर, खाली, वर, खाली.

"ह्यातून काय कळणार?" मी विचारलं.

"ह्यातून काहीच नाही. आता बघ हं."

तिनं काहीतरी दाबलं आणि करवतीची साडीची किनार झाली. मऊ, गोलाकार. मग ती समजावत बसली. प्रत्येक वेळेच्या आकड्यात आजूबाजूच्या वेळांचे आकडे मिसळायचे आणि सरासरी काढायची. जवळच्याला जास्त मान, लांबच्याला कमी. मला ते लगेच कळलं. नांगरटीनंतर वावरावर फळी मारतात तसंच ते. ढेकळं फुटतात, बारीक उंचवटे जातात, आणि रानाचा खरा चढ-उतार कुठं आहे ते दिसतं.

"बरोब्बर!" नात म्हणाली. "आणि ह्या मऊ रेघेत डोंगर कुठं आणि दरी कुठं, ते शोधायचं. रेघ चढता चढता उतरायला लागली की डोंगर. उतरता उतरता चढायला लागली की दरी."

डोंगर दोन निघाले. एक पहाटेचा, एक संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराचा, तो मोठा. दरी एकच, दुपारी साडेबारा ते दोन.

"दुपारी माझे दोन बिबटे होते," मी म्हणाले. "विहिरीजवळ. दोन्ही वेळा पाऊणच्या सुमाराला. मी लिहायला लावले होते."

तिनं करवतीची रेघ परत आणली. दुपारच्या सपाट जागेत एक बारकासा खिळा उभा होता. तो मी. फळी मारली की तो खिळा नाहीसा होत होता.

"आजी, दोन नोंदींवरून डोंगर होत नाही."

"मी डोळ्यांनी पाहिला."

"एकटीनं पाहिलास ना पण."

"मग काय पंगत घेऊन जायची का बिबट्या बघायला?"

ती हसली. मग म्हणाली, फळी लहान घेतली तर तुझा खिळा राहील, पण मग सगळ्यांचेच खिळे राहतील. रात्री लघवीला उठलेल्या म्हाताऱ्यानं मांजर पाहिलं, त्याचाही डोंगर होईल. मग दिवसभरात एक मिनिट कोणी घराबाहेर पडू शकणार नाही. ह्यात तिचं काही चुकत नव्हतं. तो मांजरवाला म्हातारा मला माहीत होता.

"मग दुपारी बिबट्या दिसत न्हाई, कारण दुपारी आपण घरात जेवत असतो," मी म्हणाले. "बघायला कोण असतं?"

तिनं पडद्यावरचा तो सपाट भाग मोठा करून पाहिला. मग "तेही लिहिते मी शेवटी," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. लिहिलं तिनं. इंग्रजीत लिहिलं, कॉलेजासाठी.

गावासाठी सरपंचांनी फ्लेक्स केला. वर त्यांचा हात जोडलेला फोटो, खाली आणखी नऊ जणांचे फोटो, त्यांच्या खाली माझ्या नातीची मऊ रेघ. डोंगर लाल, दरी हिरवी. हिरव्यावर लिहिलं होतं, "निर्धास्त वेळ". हे शब्द नातीचे नव्हते. ती भांडायला गेली तेव्हा सरपंच म्हणाले, "अगं पोरी, लोकांना कुठंतरी निर्धास्त वाटू दे की."

आणि लोकांना वाटलं. लई वाटलं.

आधी शेतातली कामं दरीत गेली. खुरपायला बाया साडेबाराला बाहेर पडायच्या, भर उन्हात, डोक्यावर ओले पंचे टाकून. मग जेवणं पुढं गेली. मग शेळ्या. मग पावणं. माझ्या पुतण्याच्या मुलीला बघायला लोक येणार होते, त्यांना निरोप धाडला, दरीच्या वेळी या. त्यांना वाटलं गावात दरड कोसळली. आमच्या आळीतला एक म्हातारा सकाळी आठला वारला, त्याला साडेबारापर्यंत अंगणात ठेवला, कारण स्मशानाची वाट उसातून जाते. पुण्याहून आलेला त्याचा जावई म्हणाला, "अहो, ते गेलेत आधीच, त्यांना काय होणार आहे?" त्यावर चौघांनी एका सुरात सांगितलं, "त्यांना न्हाई राव, आमाला!"

चार-पाच जणांना ऊन लागलं. त्यातल्या एकाला सलाईन लावलं. तो पडल्या पडल्या सांगत होता, पण बिबट्या नाही दिसला बरं का.

बिबट्याला हे कोणी कळवलं नव्हतं. आजवर दुपारी रान मोकळं असायचं, तो उसात पडून राहायचा. आता दुपारीच सगळं गाव रानात. माणसं, शेळ्या, ट्रॅक्टर, मोबाईलवरची गाणी. त्यातच आमच्या विहिरीला लागून असलेल्या उसाला तोड आली. ऊसतोडीची माणसं पहाटेपासून तोडतात, पण आमच्या लोकांनी त्यांनाही फ्लेक्स दाखवला. मुकादम हुज्जत घालून दमला, शेवटी म्हणाला, तुमचं गाव, तुमचा वाघ. आणि साडेबाराला कोयते लावले.

त्या आठवड्यात लाईट दीडला येत होती. मोटरीनं हवा धरली होती, म्हणजे पाइपातलं पाणी उतरलं होतं. डब्यानं पाणी ओतून ती भरल्याशिवाय उपसा होत नाही. मुलगा वरच्या तुकड्यात होता. कांदा सुकत होता. मी गेले. कोणी म्हणेल, दोनदा बिबट्या पाहिलेल्या जागी, त्याच वेळेला कशी गेलीस? फ्लेक्सवर हिरवं होतं म्हणून गेले. माझ्या डोळ्यांवर माझा जेवढा विश्वास होता त्यापेक्षा त्या रंगावर जास्त बसला होता. छापलेल्या गोष्टीचं असंच असतं.

शिडी उतरले, मोटर भरली, झाकण आवळलं. तेवढ्यात उसातून आरडाओरडा आला, "पळाला! पळाला!" विहिरीला त्या बाजूनं कठडा नाही. डोक्यावरचं ऊन एकदम गेलं, काहीतरी पिवळं आडवं आलं, शिडीच्या टोकावर आदळलं, आणि शिडी आणि ते, दोन्ही धबकन पाण्यात. मी नखशिखांत भिजले. डोळे पुसले तेव्हा आमची नजरानजर झाली.

ओरडले मी. तेव्हा दरीची वेळ होती, त्यामुळे सगळं गाव हाकेच्या अंतरावर होतं. दहा मिनिटांत काठ भरला.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे येते. त्यानं वेळ लिहिली, पाऊण. मग त्याच्या शेजारी पालथा पडलेला म्हणाला, "माझंबी लिव. मला आता दिसला." त्याच्या मागचा म्हणाला, "मग आमी काय आंधळे हाये का?" दुकानदारानं पेन काढलं आणि रांग लावायला सांगितली. खरंच सांगितलं. मी खाली मोटरीला धरून उभी आणि वर बिबट्या बघितल्याची नावं लिहायला रांग.

तेवढ्यात नात धापा टाकत आली. तिनं आधी मला पाहिलं, मग बिबट्याला, मग वहीला.

"लिहू नका!" ती दुकानदारावर ओरडली. "एकच बिबट्या आहे! एकच नोंद!"

"बघणारे शंभर हायेत की. तूच म्हनली व्हतीस, जो बघंल त्यानं सांगायचं."

"अहो, दुपारी शंभर लिहिलेत तर सगळा डोंगर इथं येईल. संध्याकाळचा डोंगर त्याच्यापुढं दरी दिसेल. लोक संध्याकाळी बाहेर पडतील!"

"मग दरी संध्याकाळी न्हेऊ," सरपंच म्हणाले. ते फोनवर होते, तेवढ्यापुरता त्यांनी फोन कानापासून लांब धरला. "ऊन तरी लागायचं न्हाई."

"अरे, मला काढा आधी!" मी खालून म्हणाले.

नात काठावर गुडघ्यांवर बसली. रडत होती. "आजी, तुझ्या नोंदी मी खोडल्या नव्हत्या गं. त्या मऊ झाल्या."

"कळलं. शिडी आण."

शिडी कोणी आणली नाही असं नाही. दोघांनी आणली. पण शिडी सोडली की ती कट्ट्यावर, बिबट्याच्या झेपेत टेकणार, आणि मग वर आधी कोण चढणार ह्यावर मतं पडली. एक म्हणाला आजी चपळ आहे. दुसरा म्हणाला बिबट्यापरीस? माझा मुलगा म्हणाला, "आये, हलू नको!" हे त्यानं चार वेळा सांगितलं. हलून जायचं तरी कुठं होतं?

वनखात्याची गाडी दुसऱ्या गावाहून निघाली होती. त्यांनी सरपंचांना फोनवर सांगितलं, चार दोरांना बाज बांधून पाण्यावर सोडा, म्हणजे त्याला बसायला होईल, तो बुडणार नाही आणि बाईंवर उडी घेणार नाही. पण आम्ही येईपर्यंत ओढू नका. सगळ्यांना लांब करा. सरपंचांनी हे शेजारच्याला सांगितलं, त्यानं पुढच्याला. काठापासून लांब, चिंचेच्या झाडापाशी जी माणसं दोर धरून उभी राहिली, त्यांच्यापर्यंत त्यातलं एवढंच पोचलं, की बाज खाली चाललीय, आजीला काढायचंय, जोर लावा.

बाज माझ्याच घरातली, माझ्याच अंथरुणासकट. कोणी गोधडीसुद्धा काढली नव्हती. ती हलत हलत खाली आली आणि पाण्यावर हातभर उंच थांबली. मी बाजेकडे बघितलं, बिबट्यानं बाजेकडे बघितलं. मी एक पाय उचलला. त्यानं ओठ वर केले. मी पाय खाली ठेवला.

त्याच्याविषयी तेव्हा मला काय वाटलं असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. दया आली का, भीती वाटली का. मला वाटलं, ह्याच्या मिशा भिजल्यात आणि ह्याला थंडी वाजतेय. आणि मला लघवीला लागली होती. ह्याखेरीज काही वाटलं नाही.

आणि दीड वाजले. लाईट आली.

मुलानं स्टार्टरला ऑटो बसवून घेतला आहे. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, कोणी जावं लागत नाही. माझ्या मांडीला लागून ती एकदम घरघरली. मी किंचाळले. बिबट्यानं शिडी सोडली आणि एका झेपेत बाजेवर गेला, गोधडीत. बाज गपकन खाली बसली. चिंचेपाशी दोर धरलेल्यांच्या हाताला वजन लागलं.

"बसली!" तिकडून आवाज आला. "आजी बसली! वढा!"

"ओढू नका!" नात ओरडली. "ती आजी नाही!"

"काय म्हनती?"

"आजी न्हाई म्हनती."

"गेली का काय?" कोणीतरी हळहळलं. "तरी वढा, माती तरी करू."

मोटरीच्या आवाजात कोणाला धड ऐकू येत नव्हतं. काठावरच्यांना दिसत होतं, पण ते मोबाईल धरून फोटो काढत होते. बाज वर चालली. बिबट्या पाय पोटाखाली घेऊन मुकाट बसला होता, एसटीत पहिल्यांदा बसलेल्या बाईसारखा. माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा त्याच्या अंगाचं पाणी माझ्यावर ठिबकलं.

बाज काठाला लागली. चिंचेपासचा पहिला माणूस माझा हात धरायला म्हणून पुढं आला आणि त्यानं गोधडी उचलली.

पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.  सगळं गाव एकदम पळालं. चपला, वही, डबे, एक मोबाईल, असं काय काय विहिरीत पडलं. बाज दोरांसकट परत पाण्यात आली, रिकामी. बिबट्या माणसांच्या उलट्या बाजूला, तुटायच्या राहिलेल्या उसात गेला. कोणालाही त्याचं नख लागलं नाही. तीन जण बांधावरून पडून खरचटले, आणि त्या पहिल्या माणसाची दातखीळ बसली ती दीड तासानं उघडली.

मोटर पाणी उपसत होती. वर कोणी नव्हतं. आभाळ तेवढं गोल दिसत होतं. मी हाका मारल्या, उत्तर नाही. घरात शिरून सगळ्यांनी कड्या लावल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मुलगासुद्धा पळाला होता. तो म्हणतो, मी वनखात्याची गाडी बघायला गेलो होतो.  पळाला ते बरं केलं, त्याला दोन लेकरं आहेत.

किती वेळ बसले ते सांगता येत नाही. पाणी कट्ट्यापासून आणखी हातभर खाली गेलं, एवढा वेळ. कांद्याला पोटभर पाणी मिळालं त्या दिवशी. मग काठावर एक डोकं आलं. नात होती, एकटी, मघाशी दोघांनी आणलेली लोखंडी शिडी ओढत ओढत घेऊन.

"बिबट्या कुठंय?" मी विचारलं.

"उसात. कुठल्या कडेला ते माहीत नाही."

"मग तू कशाला आलीस?"

"शिडी आणायला सांगितलं होतंस ना."

तिनं शिडी सोडली. मी चढले. गुडघ्यांनी फार त्रास दिला, प्रत्येक पायरीला मी एक शिवी दिली, ती वरून हो हो म्हणत राहिली. वर आल्यावर मी आधी बांधाआड जाऊन आले. ती पाठ करून राखणीला उभी राहिली, हातात उसाचं टिपरू घेऊन. त्या टिपऱ्यानं तिनं काय केलं असतं ते तिला ठाऊक.

वनखात्याची माणसं आली. त्यांनी विहिरीतली बाज आणि तिचे दोर बघितले. त्यांच्यातल्या डॉक्टरनं चिखलातले पंजांचे ठसे मोजले आणि लोकांनी मोबाईलवर काढलेले फोटो पाहिले. मादी आहे म्हणाला, वयानं मोठी, मांडीला खरचटलंय, दुसरं काही नाही. दोन दिवसांनी ती त्यांना नदीच्या बाजूला चालत जाताना दिसली, धडधाकट.

विहिरीत मी होते आणि ती होती. दोघी जगलो.